पडद्याच्या मागच्या बाजूला

ओल्या मांजरपाटाला एक वास असतो. धुतलेल्या कपड्याचा म्हणावा तर तितका स्वच्छ नाही, पावसात राहिलेल्या कपड्याचा म्हणावा तर तितका कुबटही नाही. खळ, धूळ आणि विहिरीचं पाणी यांचा मिळून झालेला तो एक थंडसर, करडा वास आहे, आणि चैत्रातल्या एका तापलेल्या संध्याकाळी तो पहिल्यांदा माझ्या नाकाशी आला तेव्हा मला फार आवडला होता. पौडच्या बाजारतळावर तंबू उभा होता. बाहेर इंजिन धडधडत होतं आणि त्याच्या तेलाचा दर्प हवेत तरंगत होता. लांब डोंगरउतारावर कुणी भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायला घेतली होती, त्या राबाचा धूर वाऱ्याच्या झुळकीबरोबर मधूनच आत येई. आणि आमच्या अगदी डोक्यावर दोन गडी बादलीतलं पाणी ओंजळींनी त्या भल्यामोठ्या पडद्यावर शिंपडत होते. त्याचे तुषार आमच्या अंगावर उडत होते आणि बायका खिदळत होत्या.

ते पाणी आमच्याचसाठी होतं. फिरत्या सिनेमाच्या त्या तंबूत पडदा मधोमध टांगलेला असे. यंत्राच्या बाजूला पुरुष बसत आणि पडद्याच्या पलीकडे, त्याच्या पाठीमागे, बायका आणि लेकरं. कापड ओलं केलं की चित्र आरपार उतरतं, म्हणून खेळ सुरू होण्याआधी आणि मध्यंतरात पुन्हा एकदा पडद्याला असं न्हाऊ घालत. ज्या कुणी ही युक्ती काढली त्याला बायकांचा आब आणि बायकांची तिकिटं दोन्ही हवी होती, आणि त्याला दोन्ही मिळाली. आम्हाला मात्र सगळं उलटं दिसे. सुरुवातीची नावं आली की बायका मला कोपरानं ढोसत, कारण आमच्या आळीत सातवीच्या फायनलपर्यंत शिकलेली मी एकटी. आणि मी त्या पाठमोऱ्या अक्षरांशी झटापट करीत असे तोवर ती निघूनही जात. पडद्यावरच्या बायकांचे पदर उजव्या खांद्यावर असत. त्यावर आमच्यात बरीच चर्चा झाली होती. "मुंबईच्या बाया त्या, त्यांची रीतच येगळी," असं आमच्या आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, ठरवून टाकलं होतं, आणि आत्याबाईंनी एकदा ठरवलेलं आम्ही कुणी उकरून काढत नसू.

पुण्याला राहायला आल्यापासून मी भीतीचे म्हणून पुष्कळ सिनेमे पाहिले. धुक्यातून गाणं म्हणत जाणारी पांढऱ्या साडीतली बाई पाहिली, आपोआप उघडणारी कवाडं पाहिली, विहिरीतून येणाऱ्या हाका ऐकल्या. शेजारच्या मुली डोळ्यांवर रुमाल धरीत आणि मला मात्र हसू आवरत नसे. मुख्य चित्राच्या आधी एकदा कुठल्याशा परक्या देशातल्या लढाईची फीत दाखवली होती. तिच्यात एक म्हातारी, पडलेल्या घराच्या ढिगाऱ्यातून एक एक चप्पल उचलून न्याहाळत होती आणि पुन्हा खाली ठेवत होती. ती फार दिवस माझ्या डोळ्यांपुढून हलली नाही. पण तीही शेवटी दुसऱ्या कुणाची होती. तिच्यासाठी हळहळावं आणि घरी येऊन भाजी चिरायला घ्यावी, इतकं अंतर आमच्या दोघींत होतं. मी घाबरले ती एकाच सिनेमाला, आणि तो मी पडद्याच्या मागच्या बाजूने पाहिला होता.

त्यासाठी आधी माझ्या हाताविषयी सांगायला हवं. मी डावरी. लवळ्याला माझे वडील शाळामास्तर होते; त्यांनी लिहायला उजवा हात लावला, आईनं जेवायला आणि देवाला उजवा हात लावला, पण बाकीची कामं हाताच्या मर्जीवर राहिली. विळीवर बसले की डावा, पळी धरली की डावा, खुरपं उचललं की डावा. लग्न होऊन मुळेच्या खोऱ्यातल्या त्या गावी आले तेव्हा भाताच्या लावणीला माझी चांगली फजिती झाली. लावणीला बायका ओळीनं वाकून मागे मागे सरकतात, सगळ्यांचे हात एका लयीत चालतात, आणि माझं कोपर दर वेळी शेजारणीच्या कोपराला लागे. चिखलातच दोघींची जुंपायची पाळी आली. शेवटी मला ओळीच्या टोकाला, बांधाकडे नेऊन उभं केलं, आणि तिथे मी सुखानं रोपं लावली. 'डावरी सून' म्हणून गाव हसलं, पण ते हसणं मायेचं होतं. आत्याबाई तर म्हणाल्या, "हात कंचाबी आसंना, भाकर गोल व्हतीया न्हवं?" आणि तो विषय त्या घरापुरता तिथे संपला. निदान मला तसं वाटलं.

घरात माझ्याहून थोरली एक जाऊ होती. तिला सगळे अक्का म्हणत, मीही म्हणे. सावळी, उंच, बोलायला फटकळ आणि मनात काही साठवून न ठेवणारी. माझा नवरा पुण्यात एका छापखान्यात नोकरीला, सवड मिळेल तसा गावी येणारा, त्यामुळे माझा संसार खरं म्हणजे अक्काशीच चालला होता. पाणी आणायला दोघी, सरपणाला दोघी, करवंदांना दोघी. भांडणंही आमची सकाळी होत आणि दुपारी भाकरीबरोबर संपत. तिची मुलगी छबी. मी आले तेव्हा ती रांगत होती. ती चालायला, बोलायला लागली त्या सुमारास अक्काला हिवतापानं धरलं, आणि असं धरलं की सबंध पावसाळा ती अंथरुणाला खिळून राहिली. त्या दिवसांत छबी माझी झाली. सकाळी पितळेच्या पेल्यात कोमट दूध घ्यायचं, त्यात गुळाचा खडा टाकायचा, चमच्यानं हळूहळू ढवळायचं आणि ढवळताना गोष्ट सांगायची. गूळ विरेपर्यंत गोष्ट, गोष्ट संपली की दूध. दुसऱ्या कुणाच्या हातचं ती घेईना. अक्का उठून कामाला लागली तरी हा नेम तसाच राहिला. "राहू दे तुज्याकडंच," अक्का म्हणाली, "तेवढीच माजी कटकट वाचली."

आता जे लिहायचं ते लिहिताना लेखणी अडते. त्या आजारात एका दुपारी अक्काचा ताप फार चढला होता. श्रावणातलं पांढुरकं ऊन उंबऱ्याशी येऊन थबकलं होतं, ओल्या शेणकुटांचा धूर घरभर साचला होता. अंगावर घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या गोधड्या घालूनही ती कुडकुडत होती आणि तिचे ओठ काळेनिळे पडले होते. मी तिच्या कपाळावर पाण्याच्या घड्या ठेवत होते. छबी माझ्या मांडीवर झोपली होती, तिचा दमट श्वास माझ्या पोटाला लागत होता, आणि त्या पोटात तोवर काही रुजलं नव्हतं. तेव्हा माझ्या मनात आलं, की ही गेली तर पोर माझी होईल. एवढंच. मी त्या विचाराला बोलावलं नव्हतं आणि बसवूनही घेतलं नाही. मी घाईनं घडी बदलली, अक्काचे तळवे चोळले, कुलदैवताला नवस बोलले आणि पुढे तो फेडलाही. पण तो येऊन गेला होता, आणि माझ्याच घरातून आला होता. मी त्या दुपारपासून अक्काची दुप्पट सेवा केली. लोकांनी माझं कौतुक केलं, आणि ते कौतुक मला सोसवेना.

अक्का बरी झाली. त्याच्या पुढच्या चैत्रात पौडला तंबू आला आणि आत्याबाई, अक्का, मी, छबी आणि आळीतल्या आणखी काही जणी बैलगाडीत पेंढा पसरून सिनेमाला गेलो. गोष्ट एका मोठ्या घरातली होती. दोन भाऊ, दोन जावा. थोरलीला एक लेकरू, धाकटीला नाही. त्या लेकराच्या जिवावर घरातलंच कुणीतरी उठलं आहे हे आपल्याला कळतं, पण कोण, ते शेवटपर्यंत झाकून ठेवलेलं. मध्यंतरात पडदा पुन्हा भिजवला गेला आणि थोड्या वेळानं तो प्रसंग आला. वाद्यं एकाएकी थांबली. अंधाऱ्या स्वयंपाकघरात एक कंदील, त्याच्या उजेडात दुधाचा एक पेला, आणि काळोखातून एक हात पुढे आला. फक्त हात, मनगटावर काचेच्या बांगड्या, त्यामागे काही नाही. त्या हातानं पुडी सोडली, पेल्यात झटकली, चमचा उचलला आणि ढवळायला सुरुवात केली. किणकिण, किणकिण. इतक्या निवांतपणे, इतक्या मायेनं, की जणू त्यात गूळच विरघळायचा होता. आणि तो हात डावा होता.

"आगं बया, डावरी हाय ती!" मागून कुणीतरी म्हणालं. आणखी एकीनं थट्टेनं माझ्या पाठीत हलकेच गुद्दा घातला, पण कुणी हसलं नाही. मी छबीला पोटाशी धरून बसले होते. ती कधीच झोपी गेली होती. पडद्यावर हात ढवळत होता, आणि तो माझा होता. बोटं वळण्याची ढब माझी, चमचा पेल्याच्या कडेला टेकवून थेंब निथळू देण्याची सवय माझी. श्रावणातल्या त्या दुपारी माझ्या मनात जे आलं होतं ते या सिनेमावाल्यांना कुणी सांगितलं, असा वेडा प्रश्न माझ्या डोक्यात भिरभिरू लागला. शेवटी ती बाई पकडली गेली. ती धाकटी जाऊच होती. तिचा चेहरा काही राक्षसिणीसारखा नव्हता. चांगली सोज्वळ, कुंकू लावलेली, घरंदाज बाई होती, आणि मला सगळ्यात जास्त भीती त्या सोज्वळपणाचीच वाटली.

गाडी परतीच्या वाटेला लागली. माळावर टिपूर चांदणं पडलं होतं आणि बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांखेरीज आवाज नव्हता. अर्ध्या वाटेवर अक्कानं हात पुढे केले. "दे हिकडं तिला," ती म्हणाली. "हात अवघडला आसंल तुजा." माझा हात अवघडला नव्हता. मी छबीला तिच्या ओटीत दिलं आणि गाडीच्या कडेला सरकून बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीप्रमाणे पेला घेतला, गूळ टाकला, चमचा फिरवला, आणि त्या किणकिण आवाजानं स्वयंपाकघरात सगळं थबकलं. आत्याबाईंचा भाकरी थापणारा हात थांबला. अक्का चुलीपाशी होती; ती उठली, माझ्याजवळ आली आणि पेला काढून घेत म्हणाली, "राहू दे. आजपास्नं मी करतीया." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडले असते. रागाची आम्हा दोघींना सवय होती. ती मला भीत होती, आणि आपण भितो याची तिला लाज वाटत होती. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही आणि मीही मान वर केली नाही.

छबीला यातलं काय कळणार! ती दुधासाठी माझ्यामागे रडत येई, अक्का तिला ओढून नेई, पेला पुढे केला की ती तोंड फिरवी, मग अक्काचा धपाटा, मग दोघींचं रडणं. पोर हट्टी; आठ-दहा दिवसांत ती वाळली, गालांची हाडं दिसू लागली. आत्याबाई एकदा चिडून अक्काला म्हणाल्या, "आगं, सिनेमा त्यो! खऱ्याचं आन् खोट्याचं कायतरी कळतंय का तुला?"  अक्का म्हणाली, "कळतंय. पर त्यो हात डोळ्याम्होरनं जाईना." मी मधल्या भिंतीआड धान्य निवडत होते. तेव्हा मी पुढे होऊन म्हणायला हवं होतं, की अक्का, बघा माझ्याकडे, मी आहे. पण ते म्हणायला स्वतःविषयी जी खात्री लागते ती माझ्यापाशी नव्हती. निर्दोष माणूस आरोप आला की उसळतो. मी उसळले नाही, कारण मला वाटत होतं, अक्काला चुकीच्या वाटेनं का होईना खरी गोष्ट कळली आहे.

मी उजव्या हातानं कामं करू लागले. भाकरी वेड्यावाकड्या होऊ लागल्या, वरण सांडलं, एकदा तव्याच्या काठानं मनगट पोळलं. लोक म्हणाले, धाकट्या सुनेचं लक्ष नाही कामात. अक्का एकदा दुपारी मळ्याकडे गेली असताना छबी पेला घेऊन आली आणि नुसती माझ्यासमोर उभी राहिली. मी उजव्या हातात चमचा धरला. तो वाकडातिकडा फिरे, दूध बाहेर सांडे, आणि ती खळखळून हसत होती. मीही हसले, कितीतरी दिवसांनी. गोष्ट संपायच्या आत अक्का दारात उभी होती.  छबी तोवर घटाघटा दूध पिऊन मोकळी झाली होती. संध्याकाळी पोरीला उलटी झाली. दिवसभर तिनं पाडाचे आंबे खाल्ले होते, पोरंच ती. रात्रीपर्यंत ती बरी होऊन खेळूही लागली. पण मी परसात गेले तेव्हा अक्का तो पेला राखेनं घासत होती. घासून झाला, धुतला, उजेडात धरून पाहिला, आणि पुन्हा राख घेतली.

त्यानंतर नवरा गावी आला तेव्हा मी त्याला म्हटलं, मला पुण्याला न्या. त्यानं का म्हणून विचारलं नाही. त्यालाही खाणावळीचा कंटाळा आला होता. नोकरीपायी बिऱ्हाड हललं, असं सगळ्यांनी म्हटलं आणि तेच पुढे खरं होऊन बसलं. मी निघाले त्या सकाळी छबी गाडीमागे धावत आली आणि अक्कानं तिला वाटेतून उचलून नेलं. अक्का डोळे पुसत होती. तिला काय वाटत होतं हे मी पुढे अनेक वर्षं स्वतःला विचारत राहिले.

पुण्यात मी पुढे शिकले, मुलींच्या शाळेत शिकवू लागले. माझी ओटी रिकामीच राहिली. सणासुदीला गावी जात असू, पाहुण्यासारखे, मी भाजी चिरू लागले की अक्का म्हणे, "बस गं, दमून आली आसशील." छबी मोठी होत गेली आणि मला 'काकू' अशी अंतर राखून हाक मारू लागली. एखाद्या पावसाळी संध्याकाळी फळा पुसता पुसता मला ती दुपार आठवे, आणि वाटे की हे ठीकच झालं. मनानं मागितलं म्हणून नियतीनं ते काढून घेतलं, एवढाच हिशेब आहे. इतक्या वर्षांत तो हिशेब मी कुणाला दाखवला नाही, नवऱ्यालासुद्धा नाही.

गेल्या वर्षी छबीचं लग्न ठरलं. बस्ता बांधायला अक्का तिला घेऊन पुण्यात आली, आमच्याच दोन खोल्यांत उतरली. साड्यांची खरेदी झाल्यावर छबीनं हट्ट धरला की लग्नाआधी एक सिनेमा. दुपारच्या खेळाला आमच्या जवळच्या थिएटरात जुनी चित्रं लावतात. आम्ही चालत थिएटरपाशी पोचलो आणि बाहेरची पाटी वाचून मी थबकले. तोच होता. सिनेमाचं नाव तेवढं मी तंबूत उलटं असूनही वाचलं होतं, आणि विसरले नव्हते. "दुसरा एखादा पाहू या," मी म्हटलं. पण छबी बायकांच्या रांगेत पुढे जाऊन उभीही राहिली होती, आणि अक्काला वाचता येत नव्हतं. काय सांगणार होते मी?

छबी आमच्या दोघींच्या मध्ये बसली. अक्काच्या हातात शेंगदाण्यांची पुडी होती. नावं सुरू झाली, सरळ, सुबक, शाळेतल्या फळ्यावर लिहावीत तशी, आणि मी ती सहज वाचून काढली. चित्र सुरू झालं तशी अक्का छबीच्या पुढून माझ्याकडे झुकली. "शालन, ह्यो आपुन बघितल्याला हाय," ती कुजबुजली. "पर ह्या बायांचे पदर तर आपल्यावानीच हायेत की गं." मी पडद्याकडे नीट पाहिलं.  पदर डाव्या खांद्यावर होते. अक्षरं सरळ होती. मग मी इतकी वर्षं काय शिकले होते, काय शिकवत होते? अक्षरं उलटी दिसतात हे मला तंबूतच कळलं होतं. आमच्या सगळ्या घोळक्यात ते कळलेली मी एकटी होते, आणि तरी जी गोष्ट अक्षरांना लागू तीच हाताला लागू हे मला एकदाही सुचलं नव्हतं. सुचू द्यायचं नव्हतं, असंही असेल. स्वतःवर बसलेला आळ खोडून काढायची घाई त्यालाच होते ज्याला तो आळ परका वाटतो.

वाद्यं थांबली. कंदील आला, पेला आला, आणि काळोखातून हात आला. उजवा. पुडी सोडली उजव्यानं, चमचा धरला उजव्यानं, ढवळलं उजव्यानं, आणि थेंब निथळू द्यायची ती सवय माझी नव्हती. ती पृथ्वीवर दूध ढवळणाऱ्या प्रत्येक बाईची होती. छबीला मात्र गंमत वाटत होती. "काकू, कोण आहे ते मला आत्ताच कळलं," ती हसत म्हणाली. "यात काय भ्यायचं!" मला त्या क्षणी काय झालं ते सांगते, कारण सांगायचंच तर सगळं सांगायला हवं. मला आनंद झाला. कडू, तिखट आनंद. मी मुद्दाम वळून अक्काकडे पाहिलं. तिचा हात पुडीत होता आणि तिथेच राहिला होता. पडद्याच्या उजेडात तिचा चेहरा मला स्पष्ट दिसला. ती पडद्याकडे पाहत नव्हती, आपल्या हाताकडे पाहत होती, आणि माझा आनंद जसा आला तसा विझून गेला.

त्यांची गाडी दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी होती. स्टँडवर उन्हाची तिरीप बाकांवर आली होती, उसाच्या गुऱ्हाळाचा गोड वास येत होता आणि छबी मैत्रिणींसाठी बांगड्या घ्यायला पलीकडच्या दुकानात गेली होती. अक्का बाकावर बसली, मला शेजारी बसवून घेतलं आणि समोर पाहत बोलू लागली.

"आपुन त्या येळी पडद्याच्या मागल्या अंगाला बसलो व्हतो."

"हो, अक्का."

"म्हंजी त्यो हात उजवाच व्हता. समद्यांचा आसतोय तसला."

मी मान हलवली.

"म्या तुला घरातनं घालवली."

"असं नाही अक्का, ह्यांची नोकरी..."

"गप बस. मला ठावं न्हाई व्हय?" तिनं माझा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला, तो डावा होता, आणि त्याच्यावरून आपला खरखरीत तळवा फिरवत राहिली. "तुला एक म्हायीत न्हाई. त्या हिवतापात, मला वाटलं व्हतं आता काय मी ऱ्हात न्हाई, तवा म्या छबीच्या बापाला सांगून ठिवलं व्हतं. मी गेली तर पोर शालनच्या वटीत घाला, दुसऱ्या कुनाच्या हाती देऊ नगा. तुज्याशिवाय कुनावर माजा इस्वास न्हवता बग. आन् उठून बसल्यावर म्या तुज्याच हाताला भ्याले. पाप लागलं मला."

म्हणजे त्या दुपारी एकाच अंधाऱ्या खोलीत आम्ही दोघी एकच गोष्ट मनात धरून होतो. गोधड्यांच्या आत ती, बाहेर मी. जे मी चोरून मागितलं होतं ते ती उघड्या हातानं देऊन बसली होती. आणि मग ते पाप होतं की नव्हतं, की एकच विचार देणाऱ्याच्या मनात पुण्य असतो आणि घेणाऱ्याच्या मनात पाप, हे मला तेव्हा कळलं नाही आणि अजूनही कळत नाही. मला एवढंच कळत होतं की ती माझी क्षमा मागते आहे, आणि तिला क्षमा करण्याचा अधिकार माझा नाही. ते तिला सांगायची वेळ हीच होती. सांगितलं असतं तर कदाचित तिचं मन हलकं झालं असतं, कदाचित तिला कळलं असतं की ती चुकीच्या हाताला घाबरली असली तरी अगदीच वेड्यासारखी घाबरली नव्हती. किंवा कदाचित लग्नाच्या तोंडावर तिनं पुन्हा एकदा माझ्या हातून पोर काढून घेतली असती.

"केळवणाला ये," अक्का डोळे पुसत म्हणाली. "पयला घास तूच भरवायचा. आन् ज्या हातानं भरवायचा त्या हातानं भरव."

"बरं," मी म्हटलं.

गाडी सुटायला अजून वेळ होता. आम्ही दोघी बाकावर बसून राहिलो, माझा हात तिच्या हातात होता, आणि मी काही बोलले नाही.